गारगोट्यांच्या शोधात अकोले तालुका: तयारीपासून धुलाईपर्यंतच्या नोंदी

२ फेब्रुवारी

मूळ बेत साधा होता. भंडारदऱ्याच्या वर, घाटघरच्या बाजूला, मागे एकदा ट्रेकला गेलो असताना ओढ्याकाठच्या दरडीत पीच रंगाचे, मोत्यासारखी झाक असलेले तुकडे दिसले होते. स्टिल्बाइट, झिओलाइट गटातलं एक खनिज. तेव्हा हातात ना हातोडा होता ना वेळ. आता नीट तयारीनं जायचं, एक मुक्काम करायचा, थोडं खणायचं आणि चार चांगले नमुने घेऊन यायचं. जाणारे तिघं: मी, ऑफिसातला मित्र आणि त्याची मोठी बहीण. ताईंनी भूशास्त्रात एमएस्सी केलंय, त्यामुळे दगडांची नावं सांगायचं काम त्यांचं आणि उचलायचं आमचं.

मी उत्साहानं नकाशावर ओढा दाखवला. ताईंचा पहिला प्रश्न, "जमीन कुणाची आहे?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

४ फेब्रुवारी

सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून टोपोशीट उतरवून घेतलं. ओढा राखीव वनात आहे आणि वर कळसुबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. हे अभयारण्य १९८६ पासूनचं. म्हणजे प्रश्न एका परवान्यावर सुटणारा नाही.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' संकेतस्थळावरचा भूशास्त्रीय नकाशाही पाहिला. आमच्या कामाचं त्यात फारसं काही नाही, सगळा तालुका बसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक. लाव्हाच्या थरांचे गट दिसतात, पण स्फटिक ज्यांत वाढतात त्या पोकळ्या कुठे आहेत हे कुठलाच नकाशा सांगत नाही.

६ फेब्रुवारी

वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन केला. समोरचे गृहस्थ सौजन्यानं बोलले, उत्तर मात्र एका शब्दाचं होतं. मग कायदा वाचला. भारतीय वन अधिनियम १९२७ मधली वनोपजाची व्याख्या फक्त लाकूड, मध, डिंक यांच्यावर थांबत नाही. जंगलातली माती, खडक आणि खनिजंही तिच्यात आहेत. राखीव वनात दगड फोडणं आणि वनोपज उचलून नेणं हे कलम २६ खाली गुन्ह्यात बसतं. अभयारण्यात त्यावर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ची भर.

हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण अमेरिकेतले व्हिडिओ पाहून आपल्याकडेही 'नॅशनल फॉरेस्टात जा आणि खणा' असं चालेल, असा समज होतो. तिकडे बऱ्याच ठिकाणी स्वतःपुरतं थोडं गोळा करायला मुभा असते. इथे खिशात एक गोटा घातला तरी आपण चुकीच्या बाजूला. ओढा रद्द.

९ फेब्रुवारी

बेत बदलला. ताईंचं म्हणणं असं की महाराष्ट्रातले नाव कमावलेले नमुने जंगलातून आलेलेच नाहीत. ते आले खडीच्या खाणींतून, रेल्वेच्या बोगद्यांतून आणि विहिरींतून. वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट खाणीतलं. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांच्या परिसरातलं हिरवं ॲपोफिलाइट खाणीतलं. राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचं गर्द हिरवं ॲपोफिलाइट, ज्याचे गोळे जगभरच्या संग्राहकांनी उचलले, ते २००१ च्या सुमारास विहीर खोदताना निघालं.

कारणही साधं आहे. पोकळीतले स्फटिक उघड्यावर आले की काही पावसाळ्यांत मळकट आणि ठिसूळ होतात. ताज्या फोडलेल्या खडकातच ते जिवंत दिसतात. आणि ताजा खडक फोडायचा खर्च आपल्याला झेपणारा नाही. तो जिथे दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी केलाय, तिथे जायचं.

खाणी मी बाद केल्या. खाणपट्टा कुणाचा, आत सोडणार कोण, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, यात महिने गेले असते. उरल्या विहिरी. म्हणजे अकोले तालुकाच, पण वनहद्दीच्या खाली, खासगी जमिनीत.

१६ फेब्रुवारी

ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ या रस्त्यानं पाहणी. दिवस जवळजवळ फुकट गेला, पण का गेला ते सांगण्यासारखं आहे.

रस्त्याकडेला विहिरीच्या मलब्याचे ढीग दिसले की थांबायचं, विचारायचं, पाहायचं, असा क्रम ठरवला होता. ढीग भरपूर, पण सगळे जुने. एका ढिगात हाताएवढं स्टिल्बाइट मिळालं. आनंदानं उचललं तर बोटांत खडूसारखं चुरलं. दुसरीकडे कॅल्साइट होतं, तेही पावसानं झिजून गोल झालेलं. जुन्या मलब्यात गारा (क्वार्ट्झ) तेवढ्या टिकतात. त्या कठीण, काठिण्याच्या दहा पायऱ्यांच्या मोजपट्टीत सातच्या पायरीवर. स्टिल्बाइट चारच्याही खाली.

कोतूळच्या चहाच्या टपरीवर मात्र दिवसाचं सार्थक झालं. तिथे यारीवाले बसले होते. विहिरीतून मलबा उपसायची यारी, होल मारायचा कंप्रेसरचा ट्रॅक्टर आणि बार उडवणारा परवानाधारक, ही तीन माणसं तालुक्यातल्या प्रत्येक नव्या विहिरीची खबर ठेवून असतात. त्यांना 'झिओलाइट' म्हटलं तर काही कळणार नव्हतं. मोबाइलवरचा फोटो दाखवला, तसे एक मामा म्हणाले, "हां, काचा. मांजऱ्यात निघत्यात. पुण्याचे येपारी नेत्यात की." (मांजऱ्या म्हणजे काय, ते मला पुढे १६ मार्चला कळलं.)

म्हणजे आपल्या आधी व्यापारी पोहोचलेले आहेत. चांगला माल क्रेटच्या भावानं जातो आणि मजुरांना त्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. फुकटात खजिना मिळेल अशा भ्रमात कुणी जाऊ नये.

मामांना नंबर दिला. काम होळीनंतर जोरात चालतं, विहिरींचं पाणी खाली जातं तेव्हा, असं कळलं. ते थेट पाऊस पडेपर्यंत.

२३ फेब्रुवारी

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय पाहिलं. जाण्याआधी एकदा पाहाच. संग्रहालयातले नमुने आपल्याला मिळणार नाहीत हे उघड आहे, पण डोळा तयार होतो. स्टिल्बाइटची पेंढी मधे आवळल्यासारखी दिसते. ह्यूलँडाइटचा स्फटिक शवपेटीच्या आकाराचा. स्कोलेसाइट सुयांचा फवारा. ॲपोफिलाइटचा चौकोनी मनोरा सहा बाजूंच्या गारेशी गोंधळायचा नाही, माथा कापल्यासारखा असेल तर त्यावर मोत्याची झाक दिसते. ओकेनाइट म्हणजे कापसाचा बोळा, आणि त्याला बोट लावलं की तो गेला.

१६ मार्च

होळी होऊन दोनच दिवस झाले आणि मामांचा फोन. "सहा परसावर गेरू लागलाय. खाली मांजऱ्या निघंल."

हे वाक्य समजायला मला ताईंची गरज पडली. परस हे विहिरीच्या खोलीचं माप, साधारण पुरुषभर उंचीचं. लाव्हाच्या दोन थरांमधे जो लाल, भाजलेल्या मातीसारखा पट्टा असतो त्याला इकडे गेरू म्हणतात. त्याच्या खाली आधीच्या थराचा वरचा, फुगलेला, भोकाभोकांचा भाग येतो. तोच मांजऱ्या. पोकळ्या तिथेच. गेरूच्या वरचा काळा पाषाण घट्ट असतो, त्यात फोडून फोडून हात दुखतात आणि हाती काही लागत नाही. यापुढे कुणाला विहिरीबद्दल विचारताना माझा पहिला प्रश्न 'गेरू लागला का?' हाच राहील.

१९ मार्च

गट नंबर मागवला आणि ऑनलाइन सातबारा काढला. विहीर वनहद्दीपासून हाकेच्या अंतरावर असल्यानं हे करणं भाग होतं. इतर हक्कांच्या रकान्यात वनाची नोंद नाही, खातेदाराचं नाव तेच. मालकांना सगळे तात्या म्हणतात, आम्हीही तेच धरलं.

तहसील कार्यालयातही विचारलं. विहिरीची डबर गाडीत भरून बाहेर न्यायची, विकायची, तर ते गौण खनिज, त्याला रॉयल्टी आणि वाहतूक पास लागतो. हिशेब ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत. आम्ही दोन-तीन क्रेट म्हणालो तेव्हा कारकून हसले. लेखी मात्र काही दिलं नाही. म्हणून तात्यांकडून साध्या कागदावर संमती घ्यायची ठरवली: गट नंबर, तारीख, 'स्वतःच्या संग्रहासाठी, विक्रीसाठी नाही', सही. गाडी कुणी अडवली तर दाखवायला काहीतरी हवं.

२७ मार्च

सहल २९ आणि ३० तारखेला ठरली होती. पाडवा रविवारी, सोमवारी ईदची सुट्टी, लांब वीकेंड म्हणून आम्ही खूश. मुक्कामाची खोली आगाऊ पैसे भरून घेतली. आज तात्यांना फोन केला तर ते म्हणाले, "पाडव्याला काम बंद. माणसं घरी जात्यात. उपसा केलेला नाही, ढिगावर नवं काही नाही."

खोलीचे ९०० रुपये बुडाले. आपली सुट्टी ती मजुरांचीही सुट्टी असते, इतकं साधं गणित चुकलं. विहिरीच्या कामाचा क्रम आधी विचारून घ्या: होल कधी मारणार, बार कधी उडवणार, उपसा कधी. आपण जायचं ते उपशानंतर, पुढच्या बाराच्या आधी.

३ एप्रिल

सामान जमवून झालं. दोन टोकदार आणि एक चपटी छिन्नी, गवंड्याची सुतकी, पाच किलोचा घण, छोटी पहार. छिन्न्या आणि सुतकी मिळून ७०० च्या आत, घण शेजाऱ्याचा. डोळ्यांवरचे बंद गॉगल आणि हेल्मेट तिघांना मिळून १,१००. इथे काटकसर नको, बसाल्टची कपची काचेसारखी उडते. कातडी हातमोजे, दहापट दाखवणारं भिंग, पाण्याचा फवारा. बांधणीसाठी टॉयलेट पेपर, रद्दी, अंड्यांचे ट्रे, झाकणाचे प्लास्टिकचे डबे. टोमॅटोचे जुने क्रेट नारायणगावला जाता जाता घ्यायचे.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का ते फोन करून विचारलं. फुरसं दगडांखालीच असतं, आणि आपण दिवसभर दगडच उलटणार. बूट घोट्याच्या वर, आणि दगड उलटताना आधी पहार, मग हात.

५ एप्रिल

पहाटे पुण्याहून निघालो, आळेफाट्याला मिसळ, नऊच्या आत मळ्यात. विहीर आठ परस झालेली. आत उतरायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं. आमचं काम वरच्या ढिगावर.

आधी संमतीचा कागद. तात्यांनी सही केली, पैसे घेतले नाहीत. "काचा निघाल्या तर बघा, नायतर डबर इकडून तिकडं तरी होईल," म्हणाले. यारीवाल्या दोघांना मात्र आम्ही पाचशे-पाचशे दिले, मांजऱ्याचा उपसा वेगळ्या बाजूला टाकावा म्हणून. पूर्ण सहलीतला सर्वांत चांगला खर्च हाच. नाहीतर काळा पाषाण आणि मांजऱ्या एकत्र पडतो आणि निम्मा दिवस निवडण्यात जातो.

पहिल्या तासातच काम थांबलं. एका धोंड्याच्या भोकातून पिवळी वायर बाहेर आलेली मित्राला दिसली. तो ओढणारच होता. ताई इतक्या जोरात ओरडल्या की यारीही थांबली. न उडालेला बार असू शकतो: आत जिलेटिनची कांडी, टोकाला डेटोनेटर. सगळे लांब झालो. बार उडवणाऱ्यांना बोलावलं, ते दुसऱ्या गावी होते, दुपारी आले. वायर नुसतीच निघाली, आत काही नव्हतं. अर्धा दिवस गेला, पण यात घासाघीस नाही. वायर, कांडी, ॲल्युमिनियमची नळी, काहीही दिसलं तर हात लावायचा नाही, फोटोसाठी जवळही जायचं नाही.

दुपारनंतर फोडायला सुरुवात. पहिली चांगली पोकळी मी घालवली. दगडाला भेग होती, आत पांढरं चमकत होतं, मी छिन्नी भेगेतच लावली आणि ठोकली. धक्का सरळ पोकळीत गेला, स्टिल्बाइटच्या पेंढ्या तळाशी गळून पडल्या. ताईंनी दाखवलेली रीत: पोकळीपासून वीतभर लांब, दगडाच्या पाठीकडून रेघ मारत छिन्नी फिरवायची, हलके ठोके, पूर्ण फेरा. दगड आपण होऊन सोडतो. पोकळीत कागदाचा बोळा भरून मग ठोकायचं. मोठा तुकडा तसाच न्यायचा, घरी करवतीनं छाटता येतो.

पाचला आवरलं. उजेड असताना गाडी डांबरी रस्त्याला लागली पाहिजे, असं तात्यांनी बजावलं होतं. उसाच्या कडेला बिबट्या असतो, आणि हे ते पाहुण्याला घाबरवायला सांगत नव्हते. त्यांची शेळी गेल्या महिन्यात गेलीय.

६ एप्रिल

आज जमलं. युक्ती यारीवाल्या मामांची: दगड हातात घेऊन तोलायचा. बसाल्ट पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड, स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइट सव्वादोनपटीच्या आसपास, आणि पोकळी तर हवाच. आकाराच्या मानानं हलका लागला तो बाजूला ठेवायचा. मामा दहातले सहा-सात बरोबर काढत होते. माझा अंदाज बहुतेक चुकला, मित्राचा थोडा कमी.

मिळालेलं: पीच स्टिल्बाइटच्या पेंढ्या बऱ्याच, तळहाताएवढे दोन तुकडे खरोखर चांगले. त्यांतल्या एकावर पाणीदार, रंगहीन ॲपोफिलाइटचे मनोरे, सर्वांत मोठा अंगठ्याच्या नखाएवढा. हिरवं काही नाही. एका पोकळीत मेसोलाइटचे केस, इतके बारीक की श्वासानं हलले. कॅल्साइट भरपूर. ते ओळखायला लिंबू पुरतं, फेस आला की कॅल्साइट.

एक व्यापारी मोटरसायकलवर येऊन ढीग पाहून गेला. आमच्या क्रेटमध्ये डोकावून "घरगुती माल आहे," असं म्हणाला. अपमान वाटला, पण स्पर्धा नाही हेही कळलं.

प्रत्येक तुकड्याला तिथल्या तिथे चिठ्ठी: गाव, गट, खोली, तारीख. घरी गेल्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात.

बांधणीत मेसोलाइट गेलं. टिश्यूत मऊसर गुंडाळलं होतं, गाडीत पोहोचेपर्यंत केसांचा नमदा झाला. नंतर ताईंकडून कळलेली पद्धत: सुयांचा नमुना गुंडाळायचाच नाही. दगडाचा भाग डब्याच्या तळाला दोऱ्यानं बांधायचा, सुया हवेत मोकळ्या, झाकण लावायचं, डबा मांडीवर. लाकडाचा भुसाही नको, सुयांमधून निघत नाही. स्टिल्बाइटला रद्दी चालते, पण ओली नको, शाई लागते.

१३ एप्रिल

धुलाई. साधं पाणी, मऊ टूथब्रश, चिखल भिजू द्यायचा, खरवडायचा नाही. सावलीत वाळवायचं. झिओलाइटच्या अंगातच पाणी असतं, हेअर ड्रायर किंवा ओव्हनच्या नादी लागू नका.

मित्रानं त्याच्या वाटणीच्या स्कोलेसाइटवरचं कॅल्साइट काढायला न्हाणीघर साफ करायचं ॲसिड वापरलं. कॅल्साइट गेलं, हे खरं. स्कोलेसाइटच्या सुयांवर खळीसारखा बुळबुळीत थर आला, वाळल्यावर मेणचट पांढरा. गारेला जे चालतं ते झिओलाइटला चालत नाही. माझ्याकडचं कॅल्साइट मी टोकदार लाकडी काडीनं आणि दाभणानं टिचवून काढतोय. एका तुकड्याला संध्याकाळच्या संध्याकाळ जातात.

२० एप्रिल

हिशेब, तिघांत मिळून. पाहणी, सिन्नर आणि सहल धरून पेट्रोल आणि टोल ८,६००. बुडालेली खोली ९००, झोपलो ती खोली १,२००. हत्यारं आणि सुरक्षेचं सामान २,४००. यारीवाले १,०००. क्रेट, डबे, कागद ४५०. खाणं वेगळं. तात्यांच्या घरी दुपारी पिठलं-भाकरी मिळाली, त्याचे पैसे अक्कांनी घेतले नाहीत, मुलांसाठी वह्या देऊन आलो.

एवढ्या पैशांत पुण्यातल्या व्यापाऱ्याकडून यापेक्षा देखणे नमुने मिळाले असते, हे ताईंनी शांतपणे सांगितलं. मी वाद घातला नाही. पेट्रोलचा आकडा मात्र कमी करता येतो. पाहणीला गाडी फिरवण्याऐवजी एका माणसानं एसटीनं जाऊन टपरीवर बसावं, खबर तीच मिळते.

३ मे

मामांचा पुन्हा फोन. विहिरीला दहा परसांवर पाणी लागलं, काम थांबलं. खालच्या थरात पुन्हा काळा पाषाण, काचा नाहीत. राजूरच्या बाजूला दुसरी विहीर सुरू होतेय, पण गेरू अजून लागलेला नाही. सातबारा मागवलाय.

१८ मे

वळिवाचा पाऊस सुरू झालाय, त्यामुळे उरलेला ढीग चाळायला जावं का, असं तात्यांना विचारलं. चांगली डबर त्यांनी नव्या घराच्या जोत्यात घातली आणि मांजऱ्या बांधावर टाकला. यावर्षी त्या मळ्यात पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा कुणी तिकडे फेरी मारू नये. राजूरच्या विहिरीचा सातबारा आलाय. इतर हक्कांत वनाची नोंद आहे, म्हणून तीही सोडली.